बोथट तोंडासमोरची हवा आणि तिची दोन तापमानं

१४ एप्रिल १९८१. कोलंबिया हे स्पेस शटल पहिल्यांदाच अवकाशातून परत येत होतं, आत जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन, आणि वातावरणात शिरताना यानाचं नाक हिशोबापेक्षा जास्त वर उचललं जायला लागलं. ते खाली दाबायला मागच्या बाजूला इंजिनांच्या खाली एक रुंद फळी असते, बॉडी फ्लॅप म्हणतात तिला, ती किती वाकवावी लागेल हे आधीच काढून ठेवलं होतं, प्रत्यक्षात त्याच्या जवळपास दुप्पट वाकवावी लागली. फळीला तेवढं वाकायला जागा होती म्हणून निभावलं. नंतर लोकांनी खणून काढलं तेव्हा दोषाचा मोठा वाटा हवेच्या माथी आला. विंड टनेलमध्ये (लहान मॉडेलवर जोरात हवा सोडून मोजमाप करायचा बोगदा) ज्या हवेवर आकडे काढले होते ती तशी थंड होती, तिचे रेणू शाबूत होते, आणि खऱ्या उड्डाणात शटलच्या पोटाखालची हवा तुटून-फुटून वेगळाच गॅस झाली होती, त्यामुळे पोटावर दाब कुठे किती पडतो हे जरासं बदललं. जरासंच, पण एवढ्या मोठ्या यानाचं नाक वर करायला तेवढं पुरलं.

तर ही तुटकी-फुटकी हवा गणितात कशी धरायची, त्याबद्दल हा लेख. इंग्रजीत याला लांबलचक नाव आहे, हायपरसॉनिक नॉनइक्विलिब्रियम फ्लो वगैरे, पण नावाला घाबरायचं कारण नाही, सगळा मामला शेवटी एकाच प्रश्नावर येतो: हवेला वेळ मिळाला का?

आधी एनर्जी किती आहे ते बघू. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून परत येणारं यान सेकंदाला साधारण ७.८ किलोमीटर वेगाने येतं, म्हणजे यानाच्या नजरेतून बघितलं तर हवाच त्याच्यावर त्या वेगाने येऊन आदळते, आणि त्या हवेच्या दर किलोमध्ये साधारण ३० मेगाज्यूल एनर्जी असते. चंद्रावरून येताना वेग ११ च्या आसपास, तिथे हाच आकडा ६० होतो. आता एक किलो ऑक्सिजनचे सगळे रेणू तोडून सुटे अणू करायला लागतात साधारण १५ मेगाज्यूल, नायट्रोजनला ३३-३४. म्हणजे येणाऱ्या हवेत स्वतःचेच रेणू फोडण्याइतकी एनर्जी भरलेली आहे, आणि तिला अडवलं की ती एनर्जी कुठेतरी जाणारच.

अडवतो कोण, तर शॉक वेव्ह. बरेच जण म्हणतात यान हवेशी घासून तापतं, पण बोथट तोंडाच्या समोर मुख्य काम घासण्याचं नसतं. समोरच्या हवेला यान येतंय याची खबरच लागत नाही (खबर जाते आवाजाच्या वेगाने आणि यान त्याच्या पंचवीसपट वगैरे वेगात), त्यामुळे हवा अगदी पातळ पडद्यासारख्या थरात अचानक दाबली जाते आणि तिथेच तापते. ही उष्णता यानाच्या अंगाला लागू नये म्हणून काय करायचं, याचं उत्तर १९५१ च्या सुमारास अमेरिकेतल्या एम्स प्रयोगशाळेत ज्युलियन अ‍ॅलन यांनी दिलं, अल्फ्रेड एगर्स त्यांच्यासोबत होते, आणि उत्तर त्या काळच्या सगळ्यांच्या अंदाजाच्या उलटं होतं. तोपर्यंत क्षेपणास्त्र म्हणजे टोकदार हवं असा समज. अ‍ॅलन म्हणाले की टोक बोथट करा, म्हणजे शॉक अंगाला न चिकटता पुढे सुटा उभा राहील आणि बहुतेक उष्णता हवेतच राहून बाजूने वाहून जाईल. तोंडाची गोलाई जितकी मोठी तितकी तापण्याची तीव्रता कमी, त्रिज्या चौपट केली तर अगदी मधल्या बिंदूवर येणारी उष्णता साधारण अर्धी होते. म्हणून अपोलोपासूनच्या सगळ्या कॅप्सूल पुढून अशा बसक्या दिसतात.

इथपर्यंत ठीक. गडबड सुरू होते ती आकडे काढायला बसलं की. आपण कॉलेजात हवेला आदर्श वायू धरायला शिकतो, विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर (स्थिर दाबाची भागिले स्थिर आकारमानाची) १.४ घ्यायचं आणि सूत्रात टाकायचं. अपोलो चंद्रावरून परतताना ५३ किलोमीटर उंचीवर आवाजाच्या ३६ पट वेगात असतानाची स्थिती या सूत्रात टाकली तर शॉकच्या मागे तापमान येतं जवळपास ५८,००० केल्विन. खरं तापमान, रसायनशास्त्र धरून, साधारण ११,६०० केल्विन. पाचपट फरक! आणि हा फरक सूत्राच्या बारीकसारीक चुकीचा नाही, उरलेली एनर्जी तापमान वाढवण्यात गेलीच नाही, ती रेणू तोडण्यात आणि इलेक्ट्रॉन उडवण्यात खर्च झाली.

दुसरा परिणाम घनतेवर. आदर्श वायू शॉकमधून कितीही जोरात दाबला तरी सहापटीच्या वर घन होत नाही, ती त्याची हद्द. खरी हवा तुटत असते तेव्हा १२-१५ पट सहज होते. आणि घनता वाढली की शॉक तोंडाच्या जवळ सरकतो, कारण तेवढीच हवा आता कमी जागेतून निघून जाऊ शकते. गोलाकार तोंडासाठी एक ढोबळ नियम आहे, शॉकचं अंतर म्हणजे त्रिज्येच्या ०.७८ पटीला घनतेच्या पटीने भागायचं. १ मीटर त्रिज्या असेल तर आदर्श वायूने १३ सेंटीमीटर येतं, खऱ्या हवेने ५-६ सेंटीमीटर.

आता मुख्य मुद्दा. वर मी म्हणालो "खरं तापमान ११,६०० केल्विन", तर त्यात एक गृहीत लपलंय, की हवेने तुटायचं तेवढं तुटून घेतलं आणि सगळं स्थिरस्थावर झालं. पण त्या ५-६ सेंटीमीटरमधून जायला हवेला मिळतो सेकंदाचा साधारण दहा-हजारावा भाग. तेवढ्यात होतं का सगळं?

हे समजायला रेणूकडे एनर्जीची वेगवेगळी बँक खाती आहेत असं समजा. पहिलं खातं इकडून तिकडे पळण्याचं, दुसरं गोल फिरण्याचं, तिसरं दोन अणूंमधला बंध स्प्रिंगसारखा हलण्याचं म्हणजे कंपनाचं, चौथं आतल्या इलेक्ट्रॉनच्या पातळ्यांचं, आणि शेवटी बंध तुटण्याचा मोठा खर्च. शॉकमध्ये सगळी रक्कम एकदम पहिल्या खात्यात जमा होते, आणि बाकीच्या खात्यांत ती ट्रान्सफर होते फक्त रेणू एकमेकांवर आदळले की. फिरण्याचं खातं भरायला पाच-दहा टकरी पुरतात, कंपनाचं भरायला हजारो लागू शकतात, आणि तुटायला तर टक्कर तशीच जोराची पाहिजे. म्हणजे शॉकच्या लगेच मागे पळण्याचं तापमान भयंकर वर गेलेलं असतं आणि कंपनाचं अजून जवळपास बाहेरच्या थंड हवेइतकंच असतं. एकाच जागी, एकाच क्षणी, एकाच गॅसची दोन तापमानं. थर्मामीटर ठेवून "इथे किती" असं विचारण्यात अर्थच राहत नाही, कुठलं तापमान हे आधी सांगावं लागतं.

पुढे जाताना पहिलं खातं रिकामं होत जातं, बाकीची भरत जातात, आणि वेळ मिळाला तर सगळी एका पातळीवर येतात. मिळाला तर! हवेला वाहून जायला लागणारा वेळ भागिले रसायनाला लागणारा वेळ, या गुणोत्तराला डॅमकोलर नंबर म्हणतात. तो खूप मोठा असेल तर हवा प्रत्येक ठिकाणी स्थिरावलेली आहे असं बिनधास्त धरा. खूप लहान असेल तर रसायन गोठलेलं आहे, काही तुटतच नाही असं धरा. दोन्ही टोकं सोपी आहेत, दुर्दैवाने खरी यानं नेमकी मधे सापडतात. खाली दाट हवेत टकरी भरपूर, तिथे समतोलाच्या जवळ. वर ७०-८० किलोमीटरवर हवा विरळ, टकरी कमी, तिथे सगळं अर्धवट. तोंड लहान असेल तर वेळ अजून कमी.

यातून प्रयोग करणाऱ्यांना एक सोय मिळते. दोन रेणूंच्या टकरीने होणाऱ्या क्रिया घनता गुणिले लांबी या गुणाकारावर चालतात, म्हणून वेग तोच ठेवला आणि मॉडेल पन्नासपट लहान करून हवा पन्नासपट दाट केली तर तुटण्याचा भाग जसाच्या तसा येतो. शॉक टनेलमध्ये, म्हणजे क्षणभरच पण प्रचंड वेगाची हवा देणाऱ्या विंड टनेलमध्ये, हेच करतात. पण परत जुळण्याच्या क्रियेला तिसरा रेणू लागतो, सुटलेली एनर्जी उचलून न्यायला, आणि तिथे हा नियम मोडतो. मागच्या बाजूला जिथे हवा पसरते आणि थंड होते तिथे परत जुळणंच महत्त्वाचं असतं, म्हणून लहान मॉडेलवरून यानाच्या पाठीबद्दल बोलताना जरा जपून.

मग कॉम्प्युटरवर काय करतात? प्रवाहाची नेहमीची समीकरणं असतात, नेव्हियर-स्टोक्स, वस्तुमान, संवेग, एनर्जी. त्यात एका "हवा" ऐवजी प्रत्येक घटकाचं वेगळं समीकरण टाकायचं. कमी वेगाला पाच घटक पुरतात: नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू, त्यांचे सुटे अणू, आणि नायट्रिक ऑक्साइड. वेग वाढला की या पाचांचे आयन (इलेक्ट्रॉन उडालेले अणू-रेणू) आणि इलेक्ट्रॉन धरून अकरा होतात. वर कंपनाच्या एनर्जीचं अजून एक समीकरण, म्हणजे दुसऱ्या तापमानाची सोय. बहुतेक कोडमध्ये कंपन, इलेक्ट्रॉनच्या पातळ्या आणि सुटे इलेक्ट्रॉन या सगळ्यांना मिळून ते एकच दुसरं तापमान देतात, जे काटेकोर बघितलं तर खरं नाही पण चालतं.

समीकरणं लिहिणं सोपं, त्यात दर कुठले भरायचे हे खरं दुखणं. कंपनाचं खातं किती वेगाने भरतं याचा पाया लांडाऊ आणि टेलर यांनी १९३६ मध्ये घातला, १९६३ मध्ये मिलिकन आणि व्हाइट यांनी प्रयोगांचे आकडे जुळवून एक सूत्र दिलं, ते आजही जवळजवळ सगळीकडे वापरात आहे. पण ते बनलं तुलनेने कमी तापमानाच्या आकड्यांवरून, आणि फार वर नेलं की ते सांगतं की रेणू टकरी होण्याच्याही आधी स्थिरावतात, जे अर्थातच शक्य नाही, म्हणून चुल पार्क यांनी त्यात वेगळी वेळ मिळवून त्याला लगाम घातला.

पार्क यांचंच दुसरं काम याहून जास्त गाजलं. प्रश्न असा होता की रेणू तुटण्याचा दर कुठल्या तापमानाने काढायचा, आता तर दोन आहेत. पळण्याचं घेतलं तर हवा फार लवकर तुटते, आणि आधीच जोरात हलणारा रेणू सहज तुटतो, थंड कंपनाचा तुटत नाही, ही गोष्ट सुटून जाते. कंपनाचं घेतलं तर उलट चूक. पार्क यांनी दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ घेतलं आणि ते तापमान दराच्या सूत्रात टाकलं. बस! १९८० च्या दशकातली ही गोष्ट, आणि अजून जगातले बरेच कोड त्यावर चालतात. मला विचाराल तर हा जुगाडच आहे, पण फार हुशार जुगाड, कारण दिशा बरोबर आहे, खर्च काहीच नाही, आणि उड्डाणाच्या आकड्यांशी बऱ्यापैकी जुळतो. अडचण एवढीच की जुळतो म्हणजे आतली भौतिकी बरोबर आहे असं होत नाही, दर आणि तापमान दोन्हीकडे चुका असून त्या एकमेकींना खाऊन टाकत असतील तरी उत्तर छान येतं, आणि मग वेगळ्या वेगाला, वेगळ्या ग्रहाच्या हवेत तेच मॉडेल नेलं की तोंडघशी पडायला होतं. दरांचे तयार संचही एकाहून जास्त आहेत, डन आणि कँग यांचा, गुप्ता आणि सहकाऱ्यांचा, पार्क यांचा, आणि वरच्या तापमानाला त्यांच्यातले काही दर एकमेकांशी पटींनी जुळत नाहीत.

याला उपाय म्हणून हल्ली काही गट तळापासून सुरुवात करतात. दोन तापमानं वगैरे सोडून द्यायचं, क्वांटम गणिताने अणूंमधले बल काढायचे, त्यावरून कॉम्प्युटरवर लाखो टकरी घडवायच्या आणि रेणूच्या प्रत्येक पातळीचा दर वेगळा मोजायचा. नायट्रोजनच्या एकाच रेणूला फिरण्या-कंपनाच्या मिळून ९,००० हून जास्त पातळ्या निघतात. एवढी समीकरणं अख्ख्या कॅप्सूलभोवती सोडवणं अजून कुणाला परवडत नाही, म्हणून पातळ्यांचे गठ्ठे करतात, वीस-तीस गठ्ठे, आणि त्यावरून साध्या मॉडेलचे दर सुधारतात. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातलं सध्याचं सगळ्यात चांगलं काम हेच आहे, जुन्या सूत्रांत आकडे खेचत बसण्यापेक्षा.

गणित सोडवण्याचे त्रास वेगळेच. बोथट तोंडासमोर मधे हवा आवाजापेक्षा हळू असते आणि बाजूला गेल्यावर परत आवाजाच्या पुढे जाते, दोन्ही भागांत समीकरणांचा स्वभावच वेगळा, त्यामुळे कित्येक वर्षं हा प्रश्न नीट सुटतच नव्हता. १९६६ मध्ये मोरेटी आणि अ‍ॅबेट यांनी युक्ती केली की स्थिर उत्तर थेट शोधूच नका, काळ पुढे ढकलत राहा, प्रवाह आपोआप स्थिरावेल ते उत्तर. आज सगळे तेच करतात. मग रसायनाची घड्याळं इतकी वेगवेगळी की काही क्रिया नॅनोसेकंदात संपतात आणि प्रवाहाला त्याच्या हजारोपट वेळ लागतो, साध्या पद्धतीने पावलं टाकली तर जन्म जाईल, म्हणून इम्प्लिसिट पद्धती, ज्यांत पुढच्या क्षणाची उत्तरं एकत्र सोडवून काढतात आणि मोठी पावलं टाकता येतात. आणि कार्बंकल नावाचा एक प्रकार आहे, शॉकच्या अगदी मध्यावर उत्तरात एक गळू येतं, जे निसर्गात कुठेच नसतं, फक्त गणित सोडवण्याच्या पद्धतीचा आजार असतो. ग्रिड (गणितासाठी हवेचे पाडलेले बारीक चौकोन) शॉकला समांतर नसला की भिंतीवरच्या उष्णतेच्या आकड्यात असेच डाग पडतात, नवीन माणसाचे महिने यातच जातात.

भिंतीचं तर स्वतंत्र प्रकरण आहे. तुटलेले अणू यानाच्या पृष्ठभागापर्यंत येतात, तिथे ते परत जुळले तर तोडायला लागलेली एनर्जी तिथेच, यानाच्या अंगावर सुटते. पृष्ठभाग जुळायला मदत करणारा असेल तर उष्णता जास्त, नसेल तर कमी, आणि दोन टोकांमधला फरक कधीकधी दुपटीच्या आसपास जातो. शटलच्या टाइल्सचं काळं आवरण यासाठी चांगलं होतं, ते अणूंना जुळायला फारशी मदत करत नसे. हे खरंच तसं आहे का बघायला एसटीएस-२ या शटलच्या दुसऱ्या उड्डाणात काही टाइल्सवर मुद्दाम जुळायला मदत करणारा लेप लावला होता, आणि त्या शेजारच्यांपेक्षा जास्त तापल्या. हवा समतोलात नव्हती, अणू सुटेच भिंतीपर्यंत पोचत होते, याचा इतका सरळ पुरावा क्वचित मिळतो.

फार वर, जिथे दोन टकरींमधलं अंतरच यानाच्या आकाराशी तुलना करण्याइतकं होतं, तिथे नेव्हियर-स्टोक्स मुळातच लागू पडत नाही. तिथे ग्रॅम बर्ड यांनी १९६३ मध्ये आणलेली पद्धत वापरतात, प्रत्येक कण अगणित खऱ्या रेणूंच्या वतीने पळतो आणि टकरी फासे टाकून ठरतात. पद्धत सुंदर आहे, पण हवा दाट झाली की खर्च झेपत नाही.

आता हे सगळं बरोबर आलं हे कळणार कसं? जमिनीवर पूर्ण आकार, पूर्ण वेग, खरी घनता आणि पुरेसा वेळ हे सगळं एकत्र देणारी सोय नाही, म्हणून जुन्या उड्डाणांच्या नोंदी सोन्यासारख्या जपल्या जातात. १९६८ चं रॅम-सी २ हे त्यातलं सगळ्यात जास्त वापरलेलं. साधा शंकू, पुढे १५ सेंटीमीटर त्रिज्येचं गोल तोंड, वेग सेकंदाला ७.६ किलोमीटरच्या थोडा वर, आणि बाजूने मायक्रोवेव्हची उपकरणं लावून हवेतले इलेक्ट्रॉन मोजले. तोंडाला टोपी बेरिलियमची होती, म्हणजे जळणाऱ्या कवचाची घाण हवेत मिसळू नये. इलेक्ट्रॉन का मोजायचे, तर परत येणाऱ्या यानाचा रेडिओ संपर्क तुटतो तो त्यांच्यामुळे. हे इलेक्ट्रॉन येतात पण आडमार्गाने: सुट्या नायट्रोजन अणूतून इलेक्ट्रॉन उडवायला १४.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवर एनर्जी मोजायचं एकक) लागतात, एवढं त्या वेगाला सहज जमत नाही, पण एक नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन अणू एकत्र येऊन नायट्रिक ऑक्साइडचा आयन झाला तर जुळण्यातून मिळालेली एनर्जी कामाला येते आणि वरून जेमतेम २.८ टाकावे लागतात. म्हणजे आधी दोन्ही रेणू तुटायला हवेत, मग हे. साखळीतला कुठलाही दर चुकला की इलेक्ट्रॉनचा आकडा चुकतो, म्हणून मॉडेलची परीक्षा घ्यायला हा आकडा उष्णतेपेक्षा कितीतरी कडक आहे.

वेग अजून वाढला की गॅस स्वतःच प्रकाश फेकायला लागतो आणि ती उष्णता बोथट तोंडाच्या नियमाला उलटी असते, त्रिज्या वाढवली की तापलेल्या गॅसचा थर जाड होतो आणि प्रकाशाचा मारा वाढतो. गुरू ग्रहात ७ डिसेंबर १९९५ ला शिरलेलं गॅलिलिओ यानाचं प्रोब (मुख्य यानापासून सुटलेलं छोटं यान) सेकंदाला ४७ किलोमीटरच्या वर होतं. ३३९ किलोच्या प्रोबमध्ये १५२ किलो नुसतं उष्णता-कवच, त्यातलं सुमारे ८० किलो उडून गेलं. आतल्या सेन्सरनी कवच कुठे किती झिजलं ते पाठवलं, तर मधे अंदाजापेक्षा कमी झिजलं होतं आणि खांद्याकडे, म्हणजे तोंडाच्या बाहेरच्या कडेला, अंदाजापेक्षा बरंच जास्त. कवच पुरलं कारण डिझाइन करणाऱ्यांनी जाडी ठेवताना मॉडेलवर पूर्ण विश्वास टाकला नव्हता, आणि खांद्याकडे असं का झालं याची गणितं त्यानंतर कित्येक वर्षं लोक नव्याने करत राहिले.